आधी सिम, मग कार्ड, मग पासपोर्ट: परदेशात एकटं असताना पाकीट मारलं गेलं तर

मुलुंड ते दादर अशी सव्वीस वर्षं मी लोकलने नोकरी केली. लेडीज डब्यात चढताना पर्स पोटाशी आणि हात चेनवर, हे अंगात मुरलेलं. सहकारी बँकेच्या काउंटरवर बसून कार्ड हरवलेल्या कितीतरी खातेदारांना मी सांगितलंय, आधी कार्ड हॉटलिस्ट करा, म्हणजे बंद करा, बाकीचं मग बघू. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरात रोमच्या मेट्रोत माझा फोन, पासपोर्ट, एक कार्ड आणि १८० युरो गेले, तेव्हा वीस मिनिटं मी स्टेशनच्या बाकावर नुसती बसून होते. काय काय करायला हवं हे सगळं माहीत होतं. पहिलं काय, तेवढं सुचत नव्हतं.

तो क्रम मला नंतर कळला आणि तोच इथे लिहिते आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदा एकट्या बाहेर पडणाऱ्या माझ्यासारख्या बायका डोळ्यांसमोर आहेत, पण शिकायला निघालेल्या मुलामुलींनाही हे तितकंच लागू आहे.

घडलं ते असं. शुक्रवारची संध्याकाळ होती. व्हॅटिकन बघून मी ओत्ताव्यानो स्टेशनवरून ए लाइनची गाडी धरली. रोमचं मुख्य रेल्वे स्टेशन तेर्मिनी आलं तशा दोघी-तिघी उतरता उतरता दारातच थबकल्या, मागून रेटा आला, एकीचा नकाशा माझ्या छातीसमोर उघडला गेला. दहा सेकंदांत सगळं मोकळं झालं आणि दार लागलं. पुढच्या स्टेशनवर उतरून रस्ता बघायला जॅकेटच्या खिशात हात घातला तर फोन नाही. खांद्यावरच्या छोट्या बॅगेची चेन उघडी, आतला पाऊच गायब. दारात मुद्दाम अडणं, समोर काहीतरी धरून हात झाकणं आणि दार बंद व्हायच्या क्षणी उतरून जाणं, ही पाकीटमारांची पद्धत आहे. म्हणून गाडी थांबताना बॅगेवर दोन्ही हात ठेवा आणि दाराजवळ उभ्या राहू नका.

मी पळत होस्टेलवर गेले. रिसेप्शनवरच्या मुलाने त्याचा फोन पुढे केला आणि लक्षात आलं, मला एकाचाही मोबाइल नंबर पाठ नाही. नवऱ्याचा नाही, मुलीचा नाही. पाठ होता तो माहेरचा, गिरगावातल्या चाळीतला लँडलाइन. रोममध्ये साडेसहा वाजले होते, म्हणजे मुंबईत दहा. आईने उचलला.

"आई, माझं पाकीट मारलं. फोन, पासपोर्ट, सगळं गेलं."

"तू कुठे आहेस आत्ता? लागलंबिगलं नाही ना?"

"नाही. होस्टेलवर आहे."

"मग बस तिथेच, पाणी पी. दादाला देते."

हा फोन मी खरं तर टाळणार होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला रात्री दहा वाजता काय सांगायचं, दुसरीकडून काही जमलं तर बघू, असं मनात होतं. लाजही वाटत होती. "एकटी कशाला जातेस" म्हणणाऱ्यांचंच खरं ठरलं असं वाटत होतं. तुम्हालाही हेच वाटेल आणि त्यात दोन तास सहज जातील. ते घालवू नका. पाकीट मारलं जाणं हा तुमचा गुन्हा नाही, मुंबईतही रोज जाणत्या माणसांची पाकिटं जातात. लगेच घरी सांगण्याचं कारण भावनेचं नाही, कामाचं आहे: परक्याच्या उसन्या फोनवरून जी कामं तुम्हाला तीन तास लागतील, ती घरचे तिघं मिळून वीस मिनिटांत करतात. दादा सिमच्या कंपनीशी बोलला, भाच्याने बँकेला फोन लावला, वहिनीने माझ्या पासपोर्टची झेरॉक्स शोधून होस्टेलच्या मेलवर पाठवली.

आता क्रम.

पहिलं सिम बंद करायचं. मी स्वतः बँकेची असूनही सांगते, कार्डाच्या आधी सिम. कार्ड चोराच्या हातात असेल तर तो टॅप करून एकेक खरेदी करेल. इटलीत पिनशिवाय टॅपची मर्यादा ५० युरो आहे. ते नुकसान दिसतं, मोजता येतं आणि त्याबद्दल भांडता येतं. पण तुमचं सिम त्याने दुसऱ्या हँडसेटमध्ये घातलं, तर तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात: बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप. मग तुमच्या नावाने मुलीला मेसेज जातो, "मी अडकले आहे, लगेच पैसे पाठव." घरून कोणीही कस्टमर केअरला फोन करून सिम बंद करायला सांगू शकतं, नाव, जन्मतारीख, पत्ता विचारतात. डुप्लिकेट सिमसाठी मात्र केवायसीला तुम्ही स्वतः लागता, म्हणजे परत येईपर्यंत तो नंबर मेलाच असं धरून चाला.

घरचे सिमच्या मागे असताना तुम्ही होस्टेलच्या कॉम्प्युटरवरून फोन लॉक करू शकता. अँड्रॉइड असो की आयफोन, दोघांचीही हरवलेला फोन लांबून लॉक करण्याची सोय आहे. मला ते जमलं नाही, कारण मी पासवर्ड बरोबर टाकल्यावर गूगलने खात्री करायला कोड पाठवला तो त्याच चोरलेल्या फोनवर. याचा उपाय पाच मिनिटांचा आहे आणि घरीच करायचा आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात, आठ आकड्यांचे दहा. ते कागदावर लिहून सामानात ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो, पण एकच पुरतो.

आयफोन गेला असेल तर पुढच्या दिवसांत "तुमचा फोन सापडला आहे, इथे लॉगिन करा" असे मेसेज घरच्यांच्या नंबरवर येऊ शकतात. ते चोरांचेच असतात. पासकोड कुणाला द्यायचा नाही आणि फोन आपल्या खात्यातून काढूनही टाकायचा नाही. तो खात्यात आहे तोवरच कुलूपबंद राहतो.

दुसरं कार्ड. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो आणि कार्डच गेलेलं असतं, म्हणून नंबर वेगळा लिहिलेला हवा. भाचा मला विचारत होता, "आत्या, शेवटचे चार आकडे सांग," आणि मला ते आठवत नव्हते. तेवढ्यात चोराने तीनदा टॅप केलं होतं. तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका, वेळ लिहून ठेवा. माझ्या वेळी रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची चूक नसताना आणि खातेदाराचाही हलगर्जीपणा नसताना झालेला अनधिकृत व्यवहार बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर खातेदारावर बोजा येत नव्हता. चार ते सात कामकाजाचे दिवस लावले तर काही भाग त्याच्या माथी येत असे. फोनवर बोलणं झालं तरी त्याच रात्री मेलही करा, घरच्यांकडून करवा. माझे पैसे परत आले, पण तीन पत्रं लिहावी लागली, आणि प्रत्येक पत्रात तो तक्रार क्रमांक आणि पोलिसांचा कागद होता म्हणूनच आले. भारतातल्या खात्यातून ऑनलाइन रक्कम गेली असेल तर घरच्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवरही लगेच कळवावं.

तिसरं पोलीस, आणि हे त्याच दिवशी. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आतली तक्रार मागतात. युरोपीय संघात कुठेही ११२ हा आणीबाणीचा नंबर चालतो, पण जिवाला धोका नसेल तर सरळ पोलीस ठाण्यात जा. इटलीत तक्रारीला देनुन्चा म्हणतात आणि ती राज्य पोलीस किंवा काराबिन्येरी हे लष्करी पोलीस दल, कुणाकडेही देता येते. तेर्मिनी स्टेशनातच पोलिसांचं ऑफिस आहे. तिथे एक शब्द नीट लिहून घ्या: "चोरी", इटालियनमध्ये फुर्तो. "हरवलं" असं लिहिलं गेलं तर विमा कंपनी बोट ठेवते. गेलेली प्रत्येक वस्तू, पासपोर्ट क्रमांक, फोनचा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहा. हा आयएमईआय प्रवासाआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून बघून ठेवायचा. शिक्का-सही असलेल्या कागदाच्या दोन प्रती घ्या. पुढचे आठ दिवस तोच माझा ओळखीचा कागद होता.

रस्त्यात साध्या कपड्यातला कोणी "मी पोलीस आहे, पाकीट दाखवा" म्हणाला तर दाखवू नका. "ठाण्यात चला" म्हणा आणि चालायला लागा. ही फसवणूक रोममध्ये जुनी आहे, आणि घाबरलेली एकटी बाई हे सोपं गिऱ्हाईक.

आणखी एक गोष्ट त्या रात्री उमगली. इटलीत हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची ओळख पटवून पोलिसांकडे नोंद करावी लागते, आणि नवीन सिम घ्यायलाही ओळखपत्र लागतं. म्हणजे पासपोर्ट नसताना दुसरं हॉटेल मिळणं अवघड आणि सिम मिळणं त्याहून. जिथे तुमची नोंद आधीच झाली आहे तिथला मुक्काम सोडू नका. मी फ्लोरेन्सचं बुकिंग सोडून दिलं आणि त्याच होस्टेलात दिवस वाढवले. जवळच्या प्यात्सा व्हित्तोरियो भागात बांगलादेशी दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका काकांनी हिंदीत सगळं ऐकून घेतलं, जुना वापरलेला फोन स्वस्तात दिला आणि होस्टेलच्या वायफायवर तो चालू करूनही दिला. माझ्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं.

पासपोर्टचं काम सर्वांत सावकाश होतं, म्हणून ते शेवटी, पण टाळायचं नाही. शनिवार-रविवार दूतावास बंद. तरी दूतावासांचा आणीबाणीचा नंबर असतो, तो घरून वेबसाइटवर बघून घेतला आणि सोमवारी काय काय आणायचं ते विचारलं. रोममधला भारतीय दूतावास व्हिया व्हेंती सेत्तेम्ब्रेवर आहे, तेर्मिनीपासून चालत जाता येतं. दोन वाटा असतात. नवा पासपोर्ट मागितला तर भारतातून पडताळणी व्हावी लागते आणि किती दिवस लागतील हे सांगता येत नाही. इमर्जन्सी सर्टिफिकेट लवकर मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढचा देश बघता येत नाही. माझी सुट्टी संपत आलेली, मी सर्टिफिकेट घेतलं. तुम्ही तिथे शिकत किंवा नोकरी करत असाल तर नवा पासपोर्टच मागा. लागलं ते: ऑनलाइन भरलेला अर्ज, पोलिसांचा कागद, जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत, परतीचं तिकीट, फोटो. फोटो अर्जाला लागणाऱ्या मापाचे मुंबईहूनच न्या. स्टेशनवरच्या मशीनमध्ये हवं ते माप मिळेलच असं नाही.

विमान मधे तिसऱ्या देशात बदलायचं असेल तर एअरलाइनला आधी कळवा की तुम्ही सर्टिफिकेटवर प्रवास करताय. माझं विमान आखातात बदलायचं होतं. फोन करून नोंद करून घेतली होती, म्हणून चेक-इनच्या खिडकीवर अर्ध्या तासात सुटले.

सोमवारची वाट बघताना शनिवारचा पूर्ण दिवस मी खोलीत झोपून काढला. ती चूक झाली. भीती खोलीत वाढते. रविवारी वीस युरो आणि पोलिसांच्या कागदाची झेरॉक्स घेऊन चालत बोर्गेझे बागेत गेले, तळ्याकाठी दोन तास बसले, येताना पोटभर जेवले. परतल्यावर अर्ज नीट भरता आला. आदल्या रात्री तोच अर्ज तीनदा चुकला होता.

आता तयारीबद्दल, कारण मला तारलं ते माझ्या नकळत केलेल्या दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे चोरखिसा. आमच्या दादरच्या शिंप्याने माझ्या दोन पँटींना आतून चेनवाला चोरखिसा शिवून दिला होता, त्यात २०० युरो होते. दुसरी, वेगळ्या बँकेचं क्रेडिट कार्ड होस्टेलच्या लॉकरमध्ये होतं. पैसे आणि कार्डं तीन जागी हवीत: अंगावर, चोरखिशात, मुक्कामी. दोन कार्डं एकाच बँकेची नकोत, आणि एकाच पाकिटात तर नकोतच. फोरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरलेलं कार्ड, घेताना बँक बरेचदा जोडीला दुसरं कार्ड देते, ते वेगळं ठेवा. मुख्य म्हणजे घरच्यांना त्यात भारतातून पैसे भरता येतात. २०२० पासून आपली कार्डं परदेशात चालवायची तर ती सोय स्वतः सुरू करावी लागते आणि मर्यादाही ठरवता येते. टॅपची मर्यादा कमी करून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं बँकेचं सिम. रोजच्या फोनमध्ये ते नेऊच नका. घरात पडलेला एखादा जुना साधा हँडसेट काढा, बँकेशी जोडलेलं सिम त्यात घाला, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून ओटीपी येतोय ना ते मुंबईतच बघून घ्या आणि तो फोन मुक्कामाच्या लॉकरमध्ये ठेवा. हातातल्या फोनमध्ये प्रवासाचं ई-सिम, म्हणजे प्लॅस्टिकच्या सिमशिवाय चालणारं. हातातला फोन गेला तर एक फोन गेला, बँक शाबूत. शिवाय सिमला पिन लावता येतो. तो लावला की सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये पिनशिवाय चालत नाही. मूळ पिन कंपनीला विचारून मगच बदला, तीनदा चुकला तर सिम अडकतं. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. घरच्यांशी एक खुणेचा शब्द ठरवा, पैसे मागणाऱ्या मेसेजमध्ये तो नसेल तर पैसे पाठवायचे नाहीत. आमच्या घरातला शब्द एका जुन्या खोलीच्या आठवणीशी जोडलेला आहे, जी बाहेरच्या कुणाला ठाऊक नाही.

मग एक लिफाफा. आमच्याकडे तो गोदरेजच्या कपाटात असतो आणि दादा-वहिनीला माहीत असतो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, विमा यांच्या झेरॉक्स, कार्डांचे शेवटचे चार आकडे, बँकांचे आणि सिम कंपनीचे नंबर, आयएमईआय, दूतावासाचा नंबर. पूर्ण कार्ड नंबर आणि पिन मात्र कागदावर नको. याचीच दुसरी प्रत सामानात. आणि घरच्या दोघांचे मोबाइल नंबर पाठ करा. मी आता रोज देवापुढे दिवा लावताना मनात म्हणते.

पासपोर्ट रोज बरोबर बाळगावा का, यावर लोक वाद घालतात. काही देशांत परदेशी माणसाने तो जवळ ठेवावा असा नियम असतो, तो बघून ठरवा. पण बाहेरच्या बॅगेत नको, चोरखिशात. माझा पाऊचमध्ये नसता तर गेला नसता.

चेक-इन केलेली बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. सामानाचं नुकसान झालं असेल तर सात दिवसांत आणि सामान उशिरा मिळालं तर ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी मागणी करावी लागते. आणि आजारपण: युरोपातल्या बहुतेक देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण पॉलिसी क्रमांक आणि मदतीचा नंबर बहुतेकांच्या फक्त फोनमध्ये असतो. तो कागदावर हवा.

परत आल्यावर काम संपत नाही. मुंबई विमानतळावर इमिग्रेशनला थोडे प्रश्न विचारतात, पोलिसांचा कागद हाताशी ठेवा. मग पासपोर्ट सेवा केंद्रात हरवलेल्याच्या बदली पासपोर्टचा अर्ज करायचा, त्याला परिशिष्ट एफचं प्रतिज्ञापत्र लागतं. चोरीला गेलेल्या पासपोर्टवर दुसऱ्या देशाचा चालू व्हिसा असेल तर त्या देशाच्या वकिलातीलाही कळवा. विम्याच्या अर्जाला मूळ कागद लावताना आधी झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या विम्यातून कागदपत्रं नव्याने काढायचा खर्च मिळाला, रोख रक्कम मिळाली नाही. आणि जुना पासपोर्ट कधी सापडला, कुणी पोस्टाने पाठवला, तरी त्यावर प्रवास करू नका. चोरीची तक्रार झाली की तो रद्द होतो आणि त्याचा क्रमांक सीमेवरच्या यादीत गेलेला असतो. तो पासपोर्ट कार्यालयात जमा करायचा.